आग्रहाला फाटा

माझ्या बहिणीच्या सुपारीला पाहुणे उपाशी उठले, तेव्हा माझ्या मते पंगत उत्तम पार पडली होती.

सुपारी म्हणजे आमच्याकडचं लग्न पक्कं करण्याचं जेवण. मुलाकडचे पुरुष येतात, मुलीला कुंकू लावतात, जेवतात, आणि मग दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमक्ष सुपारी फोडली जाते. सुपारी फुटली की लग्न ठरलं. नाही फुटली, तर मंडळी नुसती जेवून गेली असं समजायचं. (आमच्याकडे तेवढंही समजायची सोय मी ठेवली नव्हती!)

मी मुळात कमी बोलणारा माणूस. त्यातून हा विषय निघाला की मला हटकून गोठ्याकडे काहीतरी काम आठवतं. गोठा पाडून तिथे न्हाणीघर बांधलं त्याला बरीच वर्षं झाली, तरी आठवतं. घरच्यांचा आजही समज आहे की मी जे केलं ते बहिणीच्या कौतुकापोटी, उत्साहाच्या भरात केलं. समज चांगला आहे, म्हणून मी तो मोडला नाही. पण आता पन्नाशी उलटली, तेव्हा एकदाचं सांगूनच टाकतो. उत्साहबित्साह काही नव्हता. मला सल्लागार व्हायचं होतं.

त्याचं असं झालं. पन्नासच्या दशकाची मधली वर्षं. पिंपरीच्या माळावर तेव्हा नुकते कारखाने उगवू लागले होते. आम्ही चिंचवड गावातले. आबा, म्हणजे माझे वडील, नदीकाठची शेती करत. मी मॅट्रिक झालेला, त्यामुळे शेतीला निरुपयोगी ठरून पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर्सचा कारकून होतो. नट मागायला आलेल्याला 'बोल्ट आहेत' आणि बोल्ट मागायला आलेल्याला 'नट आहेत' सांगायचं, असं माझ्या कामाचं साधारण स्वरूप.

एक दिवस मुंबईहून रेगे साहेब आले. टाय, पांढरीशुभ्र पँट, आणि गळ्यात दोरीला अडकवलेलं घड्याळ. खटका दाबला की ते सुरू व्हायचं, परत दाबला की थांबायचं. साहेब सकाळपासून एका फिटरच्या मागे उभे राहिले आणि नुसते बघत राहिले. फिटर घाबरला. त्याला वाटलं, पोलीस आहेत. दुपारपर्यंत निम्मा कारखाना घाबरला. संध्याकाळी कळलं की साहेब सल्लागार आहेत.

"सल्लागार म्हंजी काय करतो?" फिटरनं मला विचारलं.

"दुसऱ्याचं काम बघतो."

"आन मग?"

"मग सांगतो."

"आन करतो कोण?"

"तू."

पण गंमत अशी, की साहेबांनी हत्यारांची फळी भिंतीवरून काढून यंत्राशेजारी लावायला लावली आणि फिटरची दिवसभराची पायपीट थांबली. मालक खूष! साहेबांना जेवायला घेऊन गेले. मी थक्क झालो. उभं राहून दुसऱ्याचं काम बघत बसण्याबद्दल आबांनी मला लहानपणापासून शिव्या घातल्या होत्या. आणि इथे त्याच गुणाला मुंबईत टाय मिळत होता!

साहेबांची खुर्ची इकडून तिकडे नेण्याचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. चार दिवस त्यांच्या मागे मागे हिंडलो. "हे बघा," ते म्हणायचे, "काम माणसाला दमवत नाही. वाया जाणारी हालचाल दमवते. ती शोधायची आणि कापून टाकायची." मी इतक्या जोरानं मान हलवायचो, की तीही वाया जाणारी हालचाल असावी. शेवटी साहेब म्हणाले, "तुमची नजर चांगली दिसते. मला मुंबईत एक मदतनीस हवाच आहे. असं करा, तुमच्या हातातलं एखादं काम निवडा, त्यातलं वाया जाणारं काढून टाका आणि मला करून दाखवा. मग बघू."

त्या संध्याकाळी मी घरी जमिनीपासून वीतभर वरून चालत आलो.

"आबा, मी मुंबईला सल्लागार होणार."

आबा बैलाला पाणी दाखवत होते. "म्हंजी काय करणार?"

"लोकांना काम कसं करायचं ते सांगणार."

"तुला येतं व्हय ते काम?"

"यायची गरज नसते. फक्त सांगता यायला पाहिजे."

आबांनी बैलाकडे पाहिलं. बैलानं आबांकडे पाहिलं. "मग त्याला मुंबईला कशापायी जातो? घरी बसून बी तेच करतोस की!"

पण मी आता ऐकण्यापलीकडे गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी मी आईच्या मागे जाऊन उभा राहिलो. आई चुलीपाशी बसायची. पिठासाठी फडताळापर्यंत उठायची, पाण्यासाठी कोपऱ्यातल्या घागरीपर्यंत, गुळासाठी शिंक्यापर्यंत. छे, छे! केवढी हालचाल! आई देवळात गेलेली बघून मी पीठ, मीठ, साखर, गूळ, तिखट, तेल, घागर, सगळं चुलीभोवती गोल मांडून टाकलं. आईला उठावंच लागू नये अशी व्यवस्था केली. ती इतकी चांगली झाली, की एकदा आत बसल्यावर आईला उठताच येईना! सवयीच्या हाताला सवयीची जागा सापडेना, तेव्हा त्या दिवशी चहात मीठ पडलं आणि आमटीत साखर. आबांनी चहाचा घोट घेतला, शांतपणे तो अंगणात थुंकला आणि म्हणाले, "ही हालचाल तुझ्या नावावर लिव्ह."

धाकटी बहीण शांता तेवढी हसली. ती हल्ली कशालाही हसत होती. चाकणचा मारुती मास्तर तिला बघून गेल्यापासून तिचं हे असं चाललं होतं. बघायला आलेली मंडळी मुलीला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का विचारतात, या मास्तरानं विचारलं, "सायकल येते का?" शांता म्हणाली, "येते, पण थांबवता येत नाही." मास्तर मोठ्यांदा हसला. तिथेच ठरलं होतं म्हणायचं. त्याच्या आधी दोन स्थळं फिरली होती, आईनं देवाला काय काय बोलून ठेवलं होतं तिचं तिलाच माहीत. आता फक्त सुपारी फुटायची बाकी होती. मास्तरांचे वडील दौलतराव, कांद्याचे व्यापारी, मोठे मानी गृहस्थ. "मानपानाला लई जपतात," मध्यस्थानं आबांना बजावलं होतं, "आन जेवणावळीत त्यांचा मेव्हणा, म्हंजी पोराचा मामा, त्यांच्याहून वरचा!"

आणि मला माझं 'काम' सापडलं. पंगत!

त्याच आठवड्यात शेजारच्या आळीत लग्न होतं. मी जेवायला न बसता खांबाला टेकून पंगत बघत राहिलो. काय दिसलं? वाढपी जिलबीची परात घेऊन निघतो. पहिल्या पानापाशी थांबतो. "घ्या." "नको." "अहो, एक." "छे, छे, जागाच नाही." "एवढीशी तर आहे!" "बरं, अर्धी." मग हा दोन वाढतो, तो "अरे, अरे!" करतो, आणि गाडी पुढच्या पानावर. तिथे परत पहिल्यापासून! जेवणाचा निम्मा वेळ नुसता बोलण्यात. मोठमोठी माणसं एका जिलबीसाठी जमीनजुमल्याचा वाद असल्यासारखी भांडत होती. माझ्या अंगावर काटा आला. एवढी मोठी वाया जाणारी हालचाल गावोगाव, घरोघर पिढ्यान् पिढ्या चालली होती आणि आजवर एकाही माणसाच्या लक्षात आली नव्हती!

मी रेगे साहेबांना सुपारीचं आमंत्रण दिलं. "साहेब, या. दाखवतो."

वाढप्यांचा म्होरक्या माझा चुलतभाऊ किसन. त्याला आणि भावकीतल्या पोरांना मी आदल्या दिवशी मांडवात उभं केलं.

"समजा, पाहुणा नको म्हणाला. मग काय करायचं?"

"वाढायचं," किसन म्हणाला.

"नको म्हणाल्यावर वाढायचं?"

"मग काय तो हो म्हणायची वाट बघायची? आरं, पंगतीत हो कोण म्हणतं?"

"ते सगळं बंद. एकदाच विचारायचं. नको म्हणाला की पुढचं पान. मागे वळायचं नाही."

"आन उपाशी ऱ्हायला तर?"

"किसन, मुलगा मास्तर आहे. शिकलेलं घर आहे. भूक लागली तर त्यांना सांगता येत नाही का?"

किसननं डोक्याची टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "बघ बाबा. बहीण तुझी हाय."

(मला वाटलं, तो नातं सांगतोय. तो जबाबदारी सांगत होता!)

एक अडचण उरली होती, आबांची. यजमानानं पंगतीतून हात जोडून फिरायचं असतं आणि 'सावकाश होऊ द्या' म्हणायचं असतं. सावकाश! ज्या पंगतीचा वेग वाढवायचा, तिथे खुद्द यजमान सावकाश, सावकाश करत हिंडणार? मी आबांना सांगितलं, "आबा, पंगतीचं माझ्यावर सोडा. तुम्ही आत जोशीबुवांबरोबर बसून मुहूर्त काढून ठेवा, म्हणजे सुपारी फुटली की वेळ जायला नको." आबांना वाटलं, पोरगं जबाबदारीनं वागायला लागलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते आठवलं की मला आजही गोठ्याकडे जावंसं वाटतं.

सुपारीच्या दिवशी दौलतराव ट्रक भरून माणसं घेऊन आले. ट्रक एरवी कांद्याचा, त्यामुळे मंडळींच्या आधी दोन मिनिटं वास आला. मामा उतरले तसा ट्रक वर उचलला गेला. मास्तर नव्या धोतरात, आतल्या दाराकडे न बघण्याची पराकाष्ठा करत उभे. रेगे साहेबही मोटारीनं आले. कुंकू लागलं. शांतेनं मान खाली घातली होती, पण हसू वरून दिसत होतं. पानं मांडली. साहेबांना मी पंगतीच्या टोकाला पाट दिला. त्यांच्या पँटीमुळे गुडघे कानाशी येत होते, पण बसले.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मला जन्मापासून माहीत होती आणि नेमकी त्या दिवशी माहीत नव्हती. पहिलं वाढप नेहमी बेताचं असतं. भाताची एक मूद, दोन पुऱ्या, एक जिलबी, चमचाभर भाजी. ते जेवण नव्हेच, ती नुसती सुरुवात. खरं जेवण पुढे आग्रहातून पोटात जातं. आणि आग्रहाला तर मी फाटा दिलेला!

किसन जिलबीची परात घेऊन निघाला. दौलतरावांपाशी आला.

"जिलबी?"

"नको, नको, बास!" म्हणत दौलतरावांनी पत्रावळीवर हात धरला. तो हात आज डोळ्यांपुढे आणला की मला स्पष्ट दिसतं. बोटं अशी फाकलेली होती, की त्यांतून अख्खी जिलबी सुखरूप खाली उतरावी. पण किसन केव्हाच पुढे गेला होता. दौलतराव हात तसाच धरून काही वेळ बसले. मग त्यांनी तो हळूच काढून घेतला आणि मिशीवरून फिरवला, जणू तो त्यासाठीच उचलला होता.

पुढे मामा. मामांनी रीतीप्रमाणे दोन्ही तळवे पानावर आडवे धरले, तोंड पार मागे फिरवलं आणि गर्जना केली, "अजाबात नको!" आणि तोंड फिरवलेल्या अवस्थेत जिलबी पडल्याचा आवाज ऐकायला ते कान देऊन बसले. आवाज येईना. त्यांनी एक डोळा उघडला. किसन पाच पानं पुढे. मामांनी पत्रावळीकडे पाहिलं. असा चेहरा मी नंतर एकदाच पाहिला, आमच्या कारखान्यात एकाचं पगाराचं पाकीट रस्त्यात पडलं तेव्हा.

"भात?" "नको." गेला. "पुरी?" "नको हो." गेली. "आमटी?" "आं... नको." गेली! मास्तरांना तर नवरदेव म्हणून सगळ्याच गोष्टींना दोनदा नाही म्हणणं भाग होतं. त्यांच्या पानातल्या दोन पुऱ्या संपल्यावर ते नुसते मीठ चाटत होते. वाढपी भरल्या पराती घेऊन आगगाडीसारखे जात होते आणि मंडळींच्या नजरा रुळावरच्या माणसांसारख्या त्यांच्या मागे जात होत्या. टोकाला किसननं साहेबांना विचारलं. "नको, थँक यू," साहेब म्हणाले आणि जिलबी निघून गेल्यावर जरा पुढे वाकून तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, साहेब वेगाचा अभ्यास करतायत!

पंगत कधी झाली ते कळलंसुद्धा नाही. कुणी उठेना. (मी म्हटलं, दमले असतील.) दौलतराव रिकाम्या पानावर बोटानं रेघा काढत होते. एक ढेकर नाही, एक 'वा' नाही. तेव्हा मी पुढे झालो आणि आजवर आमच्या तालुक्यात कुठल्याही वधूपक्षानं उच्चारलं नसेल असं वाक्य खणखणीत आवाजात उच्चारलं,

"हात धुवायला पाणी तयार आहे! उठायला हरकत नाही!"

मंडळी उठली.

मी धावत स्वयंपाकघरात गेलो. जिलब्यांच्या पाट्या काठोकाठ, भाताचं पातेलं जवळजवळ अख्खं. "आई! बघ, बघ! सगळं उरलं! केवढी बचत!"

आईनं पाट्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "पाव्हणं जेवलं नाहीत?"

"जेवले की. एकेकाला विचारलं. सगळे नको म्हणाले."

"किती येळा इचारलं?"

"एकदा."

आई मटकन खाली बसली. चुलीपुढे शांता उभी होती. तिचं हसू पहिल्यांदाच गेलेलं मी बघितलं. "दादा," ती म्हणाली, "बघायला आले तेव्हा मलासुद्धा मास्तरांच्या बहिणीनं तीनदा विचारलं होतं, मुलगा पसंत आहे का म्हणून. पहिल्या दोन वेळा मी काहीच बोलले नव्हते." आणि तोंडाला पदर लावून आत गेली.

मी परत मांडवाकडे धावलो.

बाहेर आलो तर मांडव निम्मा रिकामा. जोशीबुवा मुहूर्त घेऊन उभे, आबा तबकात सुपारी घेऊन उभे, आणि दौलतराव पागोटं सारखं करत म्हणत होते, "मुहूर्ताचं बघू सवडीनं. घाई काय हाय? कांद्याचा हंगाम तोंडावर आलाय."

"आवं, पर सुपारी..." आबा म्हणाले.

"बघू की." आणि मामा ट्रककडे जाता जाता, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, म्हणाले, "आमच्याकडं जनावराला बी दोनदा इचारत्यात!"

ट्रकचं इंजिन सुरू झालं. एकेक माणूस चढू लागला. फक्त मास्तरांना चप्पल सापडत नव्हती. ते मांडवभर चप्पल शोधत होते, पाटाखाली, खांबामागे, तुळशीपाशी, परत पाटाखाली. चप्पल त्यांच्या पायात होती. मला दिसत होती, पण एवढी अक्कल तोवर मला आली होती, की ते बोललो नाही. मास्तरांनी काढलेल्या त्या वेळात आईनं मागच्या दारानं येऊन आबांच्या कानात सगळं सांगितलं. आबांचा चेहरा तुळशीवृंदावनासारखा झाला, म्हणजे आधी लाल, मग पांढरा. तबक जोशीबुवांच्या हातात कोंबून ते धावत गेले आणि ट्रकच्या पुढ्यात उभे राहिले.

"व्याही, खाली उतरा. पंगत बसायची हाय."

"झाली की," दौलतराव वरून म्हणाले.

"ती पंगत नव्हती. ते नुसतं पानं मांडून बघितलं. जेवण आता हाय."

"नको आबा, पोट भरलं."

"माझ्यासाठी चार घास."

"आवं, नको म्हणतो ना!"

आता इथे गप्प बसायचं की नाही? पण सवय लागते माणसाला. मी म्हणालो, "आबा, ते नको म्हणतायत."

ट्रकसकट सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामांनी वरून विचारलं, "ह्यो कोण हाय?"

"पोरीचा भाऊ," कुणीतरी म्हणालं.

"अस्सं!" मामा म्हणाले. त्या एका शब्दात पुढच्या दोन तासांचं माझं भविष्य होतं.

आबांनी टोपी काढून हातात घेतली. "दौलतराव, पोरगं माझं कारखान्यात जातं. तिथं पत्र्याच्या डब्यात काय बी एकदाच भरायचं आसतं. ते तसंच इथं वागलं. तुमी उपाशी गेलात तर शांतेचं लगीन मोडंल, ते तर हायच. पर मला बी आजपासून गावात कुनाला 'जेवायला बसा' म्हणायची सोय ऱ्हाणार न्हाई. तुमाला शांतेची शपथ हाय, उतरा."

दौलतराव ट्रकच्या फळीवर पाय देत म्हणाले, "शपथ घातली म्हणून हां! न्हाईतर पोटात तसूभर जागा न्हाई."

"व्हय, व्हय, म्हाईत हाय!" म्हणत मामा त्यांच्याही आधी खाली होते. मास्तरांना चप्पल एकदम सापडली.

दुसरी पंगत बसली. आबांनी जिलबीची पाटी माझ्या डोक्यावर दिली आणि जोरात सांगितलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं, "धर. पाव्हणा नको म्हणाला की वाढायचं. हो म्हणाला तरी वाढायचं. गप ऱ्हायला तर दोन जास्ती वाढायच्या." आणि स्वतः हात जोडून "सावकाश होऊ द्या, सावकाश!" करत फिरू लागले. काय ती पंगत! दौलतराव "नको!" ओरडत होते आणि आबा त्यांच्या तोंडात जिलबी घालत होते. मग दौलतरावांनी आबांना धरलं आणि त्यांच्या तोंडात घातली. जोशीबुवा 'मला मर्यादा आहे' म्हणत ती ओलांडत होते. मामांनी तोंड मागे फिरवून "अजाबात नको!" अशी डरकाळी फोडली, मी पाटी अर्धी रिकामी केली, आणि ते मागे वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी नंतर फक्त देवळातल्या मूर्तीवर पाहिलं. "अरे, अरे, किती ह्ये!" ते म्हणाले, आणि खायला लागले.

तिथेच, तोंडात जिलबी असताना, दौलतराव म्हणाले, "माघात उरकून टाकू!" जोशीबुवांनी मुहूर्त सांगितला आणि आबांनी एका घावात सुपारी फोडली. आतल्या दारामागून बांगड्या वाजल्या. मास्तर ठसकले. त्यांना पाणी द्यायला तीन माणसं धावली, एकाच वेळी, काहीही नियोजन नसताना!

मग मामा हात धुऊन आले आणि म्हणाले, "आता पोरीच्या भावाला आमी वाढणार." मला पाटावर बसवलं. मामा स्वतः परात घेऊन समोर.

"नको मामा."

पडली.

"नको, मामा, खरंच नको!"

"खरंच नको म्हंजी? तुमच्याकडं नकोचा नियम एगळा, आमच्याकडं खरंच नकोला बी वाढत्यात." पडल्या! शेवटी मी जमिनीवर आडवा झालो, तेव्हा किसन म्हणाला, "आता ह्याची वाया जाणारी हालचाल बंद झाली."

रेगे साहेबही दुसऱ्या पंगतीला बसले होते. आधी त्यांनी टाय सैल केला, मग काढला, मग त्यालाच तोंड पुसलं. दिवस मावळायला आला तसे ते जायला निघाले. मी त्यांना मोटारीपर्यंत पोहोचवायला गेलो, म्हणजे भिंत धरत धरत गेलो. आता आपलं काही खरं नाही हे मला कळून चुकलं होतं.

"साहेब, फजिती झाली," मी म्हणालो.

"झाली," साहेब म्हणाले. "पण इतकी मुळापासून चूक करायलासुद्धा बारीक नजर लागते. कापायचं काय हे चुकलं, ते शिकवता येतं. मुंबईला येता का माझ्याकडे?"

आमच्या घरात आजवर असं समजतात, की शांतेच्या लग्नाची धावपळ, आईआबांची काळजी, म्हणून मी मुंबईच्या नोकरीवर पाणी सोडलं. आई तर हे सांगताना डोळे पुसायची. मी कधी काही बोललो नाही, स्टोअर्समध्ये नटबोल्ट देत राहिलो. तसं बरं चाललं, तक्रार नाही. पण खरं ते सांगतो. साहेबांनी विचारलं तेव्हा माझ्या अंगावर आनंदानं शहारा आला. मी मान खाली घातली, दोन्ही हात पुढे धरले आणि लाजून म्हणालो, "नको, नको, साहेब! मी कुठला!" आणि वाट बघत उभा राहिलो.

"बरं," साहेब म्हणाले, आणि मोटार सुरू केली.

शेवटी ते सल्लागार. एकदाच विचारलं!